लाकडाची कांडी आणि देणगीची पावती

आपल्या सनद परिसरातील काही सभासदांना सुटीच्या दिवशी लेथवर लाकडी पेने कातण्याचा छंद आहे. त्यांपैकी एका सभासदाने या सदराकडे अशी विचारणा केली आहे: "माझ्याजवळ शिसव, फणस, चिंच, शिवाय काही आफ्रिकी आणि अमेरिकी लाकडांचे पेनच्या मापाचे पुष्कळ तुकडे साठले आहेत. सगळे वापरून संपणे या जन्मी शक्य दिसत नाही. एखाद्या चांगल्या कामाला जो देणगी देईल त्याला त्यातले काही तुकडे द्यावेत असे मनात आहे. यात पैशाच्या किंवा कायद्याच्या दृष्टीने काही अडचण येईल काय?"

प्रश्न एका ओळीचा असला तरी उत्तर एका ओळीत देता येत नाही, कारण हे काम करण्याच्या दोन रीती आहेत आणि बाहेरून त्या अगदी सारख्या दिसतात. एका रीतीत देणगीदार संस्थेला थेट पैसे देतो, पावती दाखवतो आणि लाकूड घेऊन जातो. दुसऱ्या रीतीत तो लाकूडवाल्याच्या हातात पैसे ठेवतो आणि लाकूडवाला ते पुढे पोचवतो. दुसऱ्या रीतीत हेतू कितीही चांगला असला तरी आपण परवान्याशिवाय निधी गोळा करणारे ठरू शकतो. बहारीनमध्ये राहून ही जोखीम कोणीही घेऊ नये. याखेरीज लाकूड कोठून आले आणि त्याचा भुसा कोणाच्या छातीत जाणार, हेही पाहावे लागते. आरोग्य आणि अर्थ ही आपल्या सदराची दोन्ही अंगे एकाच तुकड्यात आली आहेत, तेव्हा जरा सविस्तर लिहितो.

ज्यांना हा छंद ठाऊक नाही त्यांच्यासाठी आधी थोडी माहिती. पेनसाठी कापलेल्या तुकड्याला छांदिष्ट मंडळी 'ब्लँक' म्हणतात. आपण कांडी म्हणू. साधारण ५ इंच लांब आणि पाऊण इंच जाडीचा हा चौकोनी दांडका असतो. तो मधोमध कापून दोन्ही तुकड्यांना आरपार भोक पाडतात (साध्या बारीक पेनसाठी ७ मिलिमीटरचे), त्यात पितळी नळी चिकटवतात, मग लेथवर फिरवून पटाशीने हवा तो आकार कातून काढतात. पॉलिश पेपरने घासायचे, लाखेचा किंवा मेणाचा हात द्यायचा आणि तयार मिळणारे टोक, क्लिप व रिफिल दाबून बसवायचे. सरावलेल्या हाताला तासाभराचे काम. यात परदेशी असे काही नाही. आपल्याकडचा कातारी पाळण्याचे खूर, लाटणी आणि भोवरे असेच करत आला आहे, आणि सावंतवाडीची लाखेच्या रंगांची लाकडी कामे तर आपण सगळ्यांनीच घरी नेली आहेत.

एका कांडीत लाकूड भरते जेमतेम ४६ घनसेंटिमीटर. सागवानाची कांडी ३० ग्रॅमच्या आसपास, शिसवाची ४० च्या आत, आणि पाण्यात बुडणाऱ्या आबनुसाचीही ५० ग्रॅमच्या घरात. म्हणजे वीस कांड्या किलोभरात बसतात. एवढ्या लहान तुकड्यातून दुसरे काही होत नाही. सुताराच्या दुकानात तो जळणात जातो. मिरजेला तंबोरे आणि सतारी घडवणाऱ्यांकडे तुनाच्या लाकडाचे कापतुकडे निघतात. लालसर, हलके आणि सुवासिक असे हे लाकूड पेनला फार शोभते. फणसाची कांडी ताजी असताना हळदीसारखी पिवळी असते आणि वर्षभर उजेडात राहिली की जुन्या सोन्यासारखी होते. चिंचेचा गाभा काळपट आणि दगडासारखा कठीण. अमेरिकेतल्या छांदिष्टाला यांचे भारी अप्रूप, आणि आपल्याला त्यांच्या अक्रोडाचे व मेपलचे. 'दुर्मीळ परदेशी लाकूड' म्हणजे बहुतेक वेळा दुसऱ्याच्या परसातले जळण असते, एवढे लक्षात ठेवले की किमतीचा बाऊ कमी होतो.

बहारीनमध्येही चांगले लाकूड आहे, फक्त ते जुन्या वस्तूंत आहे. इथली गलबते मलबारच्या सागवानाची बांधत असत. जुन्या घरांच्या छतांना पूर्व आफ्रिकेतून जहाजाने आलेले कांदळाचे वासे असत, आणि खोलीची रुंदी त्या वाशाच्या लांबीवरून ठरे. पाडलेल्या घराचा किंवा मोडीत काढलेल्या गलबताचा तुकडा रीतसर मिळाला तर त्याच्या पेनला जी गोष्ट चिकटलेली असते ती कोणत्याही महाग लाकडाला नसते. मात्र आपल्या दारातले एक लाकूड पूर्णपणे वर्ज्य समजावे, ते म्हणजे रास सनदच्या तिवरांचे. बहारीनमध्ये नैसर्गिक तिवरांचे बन आता जवळजवळ तेवढेच उरले आहे, आणि ते ज्या तुब्ली आखातात आहे ते आखात १९९७ पासून पाणथळ जागांच्या रामसर यादीत आहे. तिथली वाळकी फांदीसुद्धा उचलू नये.

आता पैशाकडे वळू.

वस्तू आणि मदत यांची सांगड घालण्याचे प्रकार आपल्या परिचयाचे आहेत, पण ते एकच नव्हेत. बाबा आमटे यांनी वरोऱ्याला १९४९ साली महारोगी सेवा समिती स्थापन केली. त्यांच्या आनंदवनात कुष्ठमुक्त माणसांनी तयार केलेल्या वस्तू विकल्या जातात. तिथे आपण देतो ती किंमत असते, आणि ती किंमतच असली पाहिजे. करणाऱ्याला कीव नको, गिऱ्हाईक हवे, हाच तर त्या कामाचा गाभा. अमेरिकेत लाकूड कातणाऱ्यांची जी राष्ट्रीय संघटना १९८६ पासून आहे, तिचे अनेक सदस्य 'बीड्स ऑफ करेज' या संस्थेमार्फत आजारी मुलांना झाकणाच्या लाकडी डब्या भेट देतात. उपचाराच्या प्रत्येक टप्प्याला मुलाला एक मणी मिळतो, तो त्या डबीत जपून ठेवायचा. इथे कोणाकडे पैसे मागितलेलेच नाहीत, ही निव्वळ भेट. तिसरे उदाहरण आपल्या इथले. भारतीय दूतावासाच्या आश्रयाखाली १९९९ पासून काम करणारा इंडियन कम्युनिटी रिलीफ फंड मुलांची 'स्पेक्ट्रा' चित्रकला स्पर्धा घेतो आणि विजेत्या चित्रांची दिनदर्शिका निघते. या उपक्रमाचा पैसा, इथे मृत्यू पावलेल्या अल्प वेतनाच्या भारतीय कामगारांच्या कुटुंबांसाठी असलेल्या निधीला जातो.

आपल्या सभासदाच्या मनातली योजना या तिन्हींपेक्षा निराळी आहे. वस्तू त्याची, काम संस्थेचे, पैसे तिसऱ्याचे. म्हणून तिन्ही टोके वेगळी ठेवणे, हाच त्यातला मुख्य मुद्दा. दसऱ्याला आपण आपट्याचे पान देतो आणि 'सोने घ्या' म्हणतो. पान सोने नाही हे दोघांनाही ठाऊक असते, आणि त्यातच त्याची गंमत असते. कांडीचे तसेच असावे. ती देणगीची किंमत नव्हे, आभाराचे पान.

बहारीनमध्ये सार्वजनिक कामासाठी निधी गोळा करण्याचे नियमन २०१३ च्या २१ क्रमांकाच्या कायद्याने होते. परवान्याशिवाय असा निधी जमा करता येत नाही, आणि हा विषय सामाजिक विकास मंत्रालयाकडे आहे. आपल्याला गणपतीची वर्गणी काढायची लहानपणापासून सवय. पावतीपुस्तक छापले की झाले, असे वाटते. इथे तसे नाही. "मी एक पैसाही ठेवला नाही, सगळा पाठवला" हा खुलासा प्रामाणिक असला तरी परवाना नसल्याची उणीव त्याने भरून निघत नाही. तेव्हा देणगीचे आवाहन एखाद्या परवानाधारक संस्थेच्या नावाने आणि तिच्या लेखी संमतीने व्हावे. पैसे त्याच संस्थेच्या खात्यात जावेत आणि लाकूड देणाऱ्याने रोख रकमेला हातही लावू नये. व्हॉट्सअॅपवरचा निरोप हादेखील आवाहनच असतो. तो पाठवण्यापूर्वी आपल्या कार्यकारिणीला विचारावे आणि कार्यकारिणीने संबंधित संस्थेला. तसेच चिठ्ठ्या टाकून 'भाग्यवान देणगीदार' काढण्याचा मोह टाळावा. सोडतीला इथे निराळी परवानगी लागते.

दुसरी सूचना दरपत्रक न करण्याची. 'शिसव ५ दिनार, आबनूस ८ दिनार' असा तक्ता लावला की ते दुकान झाले, आणि दुकान म्हटले की व्यापाराचा परवाना आला. नोकरीच्या व्हिसावर असलेल्या माणसाने त्या वाटेला जाऊच नये. 'अमुक संस्थेला किमान इतकी देणगी द्या, आवडीच्या चार कांड्या घेऊन जा' एवढे पुरे. काही जण जास्त देतील, काही नेमके किमान देतील. हिशेब करत बसू नये.

लाकडाचा आणि पाठवण्याचा खर्च कोणी सोसायचा? माझ्या मते देणाऱ्यानेच. समजा, चाळीस जणांनी प्रत्येकी १० दिनार दिले तर ४०० दिनार होतात. त्यातून लाकडाचे आणि डब्यांचे ४० दिनार वळते केले तर संस्थेला ३६० मिळतात, आणि देणगीदाराला त्याने नक्की किती दान केले हे कधीच कळत नाही. खर्च देणाऱ्याने सोसला तर ४०० म्हणजे ४००. शिवाय जे कापतुकडे असेही जळणात जाणार होते त्यांचा खर्च तो काय.

पण इथे एक खरी अडचण येते, आणि तिचा विचार फार कोणी केलेला नसतो. संस्था भारतात असली तर पैसे पाठवण्याचे शुल्क लागते. त्याच चाळीस जणांनी प्रत्येकी ५ दिनार वेगवेगळे पाठवले आणि प्रत्येक वेळचे शुल्क १ दिनार धरले, तर २०० मागे ४० दिनार वाटेतच खर्ची पडतील. साहजिकच कोणीतरी म्हणते, "सगळ्यांचे माझ्याकडे द्या, मी एकदम पाठवतो." आणि फिरून आपण परवान्याच्या प्रश्नावर येऊन उभे राहतो! यातून दोन सरळ वाटा आहेत. एक म्हणजे इथल्याच परवानाधारक संस्थेला दिनारमध्ये देणे. दुसरी, ज्यांचे भारतात एनआरई किंवा एनआरओ खाते आहे त्यांनी त्या खात्यातून संस्थेच्या खात्यात नेटबँकिंगने परस्पर भरणा करणे. बचत खात्यातून ऑनलाइन केलेल्या एनईएफटीला रिझर्व्ह बँकेच्या निर्णयानुसार जानेवारी २०२० पासून बँका शुल्क आकारत नाहीत. घरखर्चाचे पैसे आपण दरमहा पाठवतोच. देणगीची रक्कम त्यातच आपल्या खात्यात जाऊ द्यावी आणि तिथून पुढे पाठवावी.

भारतातल्या संस्थेला देताना आपल्या पासपोर्टचा रंग महत्त्वाचा ठरतो, हे अनेकांच्या ध्यानात नसते. भारतीय नागरिकाने परदेशात राहून आपल्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी 'परकीय देणगी' समजली जात नाही. मात्र ज्यांनी दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतले आहे त्यांची देणगी परकीय ठरते, मग त्यांच्याकडे ओसीआय कार्ड असो वा नसो. अशी देणगी घेण्यासाठी संस्थेकडे परकीय देणगी कायद्याखालील नोंदणी हवी, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर ती रक्कम प्रथम स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील खात्यातच यावी लागते. आपला इंग्लंड-अमेरिकेतला भाऊ किंवा मेहुणा कांडीच्या हौसेने परळच्या एखाद्या रुग्णसेवी संस्थेला पैसे पाठवू लागला, तर आधी संस्थेला फोन करून हे विचारून घ्यावे. नाहीतर चांगल्या संस्थेच्या मागे नसता पत्रव्यवहार लागतो.

आयकराचे म्हणाल तर बहारीनमध्ये पगारावर आयकरच नाही, तेव्हा इथल्या उत्पन्नाला सवलतीचा प्रश्न येत नाही. ज्यांना भारतात घरभाडे किंवा एनआरओ ठेवींचे व्याज मिळते त्यांना मात्र '८०जी' म्हणून सर्वांना परिचित असलेली सवलत उपयोगी पडू शकते (२०२५ च्या नव्या आयकर कायद्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत, पण लोकांच्या तोंडी ८०जीच आहे). तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. नव्या करप्रणालीत ही सवलत मिळत नाही, जुनी निवडावी लागते. २,००० रुपयांवरची रोख देणगी चालत नाही. आणि वस्तुरूपाने दिलेल्या देणगीला ही सवलत नाही. यातला तिसरा मुद्दा आपल्या लाकूडवाल्या मित्राला लागू पडतो. त्याने दिलेल्या कांड्या बाजारभावाने कितीही मोलाच्या असोत, करापुरते ते शून्य आहे.

आणि कांड्या घेणाऱ्याचे काय? दान म्हणजे मोबदल्याविना दिलेले, हे तत्त्व सगळीकडे सारखे आहे. संस्थेनेच पैसे घेऊन वस्तू दिली तर तेवढ्यापुरती ती विक्री. अमेरिकेत तर १९९३ च्या कायद्यापासून नियमच आहे. देणगी ७५ डॉलरपेक्षा जास्त असेल आणि संस्थेने काही वस्तू परत दिली असेल, तर त्या वस्तूची अंदाजे किंमत संस्थेने देणगीदाराला लेखी कळवायची, आणि सवलत फक्त वरच्या रकमेवर. आपल्या योजनेत संस्था काहीच देत नाही, कांडी तिसराच देतो आणि ती किरकोळ मोलाची असते. तरीही मोठी रक्कम देऊन तिच्यावर सवलत मागायची असेल तर आपल्या सी.ए.ना ही हकीगत मोकळेपणी सांगावी. लाकडाची किंमत फुगवून सांगण्याची खोड इथेच अंगाशी येते. "पाचशेची कांडी आहे" अशी फुशारकी मारायची आणि पावती मात्र निर्मळ दानाची मागायची, या दोन गोष्टी एकत्र नांदत नाहीत.

लाकडाच्या कायद्याबद्दल आता. भारतातून येताना बॅगेत चार तुकडे टाकणे फार सोपे वाटते. पण धोक्यांची वनस्पती आणि प्राणी यांच्या व्यापाराचा जो आंतरराष्ट्रीय करार आहे, साइट्स नावाचा, त्यात भारत १९७६ पासून आणि बहारीन २०१२ पासून सामील आहे. आपला शिसव, उत्तरेकडचा शिसू, अमेरिकेतला कोकोबोलो हे सगळे एकाच कुळातले. ते पूर्ण कूळ २ जानेवारी २०१७ पासून या कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. ब्राझीलचा शिसव तर १९९२ पासून पहिल्या परिशिष्टात, म्हणजे त्याचा व्यापार जवळजवळ बंदच. यात एक बारकावा फार कामाचा आहे. या कुळातल्या बहुतेक लाकडांच्या तयार वस्तूंना, एका खेपेत १० किलोपर्यंत, साइट्सच्या परवान्यातून सूट आहे. शिसवाचे तयार पेन या सुटीत बसते. कांडी मात्र तयार वस्तू नव्हे, तो कच्चा माल. म्हणजे लाकूड तेच, वजनही तेच, पण पेन सरहद्द ओलांडू शकते आणि कांडी परवान्याशिवाय ओलांडू शकत नाही. शिसवाच्या कांड्या मुंबईहून आणून इथे वाटण्यापेक्षा तिकडेच पेने करून आणावीत, हे उत्तम.

रक्तचंदनाच्या वाटेला जाऊ नये. ते १९९५ पासून साइट्सच्या यादीत आहे, आणि त्याच्या चोरट्या व्यापारामुळे भारतातले विमानतळ आणि बंदरे त्यावर डोळ्यांत तेल घालून असतात. चंदनाच्या लाकडाच्या निर्यातीवरही निर्बंध आहेत. "गावच्या बांधावरचे आमचेच झाड आहे" असे म्हणून भागत नाही. महाराष्ट्रात १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या अनुसूचीत चंदन, साग, खैर यांच्याबरोबर आंबा, फणस, चिंच हीदेखील झाडे आहेत, आणि ती आपल्या मालकीच्या जमिनीतली असली तरी तोडायला परवानगी लागते. म्हणून मी तर म्हणेन की जुन्या मोडक्या सामानातले लाकूड घ्यावे. आजोळच्या मोडलेल्या पाटाची किंवा तुळईची कांडी इतर कोणत्याही लाकडाइतकीच चांगली कातता येते.

राहिला भुसा. या सदरात पैशाचे लिहायला बसलो की आरोग्य शेवटी उरते, पण महत्त्वाने हा भाग शेवटचा नाही. तयार पेन देणारा फक्त पेन देतो. कांडी देणारा पेनबरोबर ते करण्याचे कामही देतो, आणि त्या कामाची धूळही.

लाकडाची बारीक धूळ माणसाला कर्करोगकारक आहे, असे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये पहिल्या गटात वर्गीकरण करून जाहीर केले. इंग्लंडमध्ये हाय विकम हे खुर्च्या आणि फर्निचरचे गाव. तिथल्या कारागिरांत नाकाच्या आतल्या पोकळ्यांचा एरवी क्वचित आढळणारा कर्करोग नेहमीपेक्षा फार जास्त दिसतो, हे १९६० च्या दशकात डॉक्टरांच्या लक्षात आले, तिथून हा शोध सुरू झाला. ही वर्षानुवर्षे रोज आठ तास धुळीत काम करणाऱ्यांची कथा आहे. शुक्रवारी दोन पेने करणाऱ्याने घाबरून जाण्याचे कारण नाही. परंतु अॅलर्जी आणि दमा यांना वर्षे लागत नाहीत. शिसवाच्या कुळातल्या लाकडांत आणि सागवानातही त्वचेला व श्वासनलिकेला चेतवणारी द्रव्ये असतात. पहिल्या दहा वेळा काही होत नाही. अकराव्या वेळी मनगटावर पुरळ उठते, डोळे सुजतात, आणि त्यानंतर त्या लाकडाची थोडी धूळही पुरते. बिब्ब्याने अंग उतणे आपल्याला माहीत आहे. आंबा आणि काजू त्याच कुळातले, आणि ज्याला आंब्याचा चीक बाधतो त्याने आंब्याच्या लाकडाबाबतही जपावे. कण्हेर इथल्या बागांतून आणि रस्त्यांच्या कडेने भरपूर लावलेली असते. तिची छाटणी आयती मिळते, पण तिचे सर्व भाग विषारी आहेत. पेनचे टोक चावण्याची सवय मुलांनाच असते असे नाही, तेव्हा कण्हेरीचे पेन कोणीही करू नये.

रुमाल किंवा कापडी मास्क या धुळीला अडवत नाही. एन-९५ दर्जाचा, नाकाशी घट्ट बसणारा मास्क हवा. सर्वांत वाईट धूळ कातताना नव्हे, घासताना उडते. कातताना सालपटे निघतात, पॉलिश पेपर पीठ करतो. इथल्या घरांत आणखी एक गोष्ट घडते. दारे-खिडक्या लावून स्प्लिट एसी चालू असतो, आणि तो खोलीतली तीच हवा फिरवत राहतो. बंद खोलीत उडालेली धूळ संध्याकाळपर्यंत हवेतच असते आणि शेजारच्या खोलीतल्या बाळापर्यंत पोचते. नोव्हेंबर ते मार्च अंगणात किंवा गच्चीवर काम करावे. उन्हाळ्यात शेडमध्येच करणे भाग असेल तर हवा बाहेर फेकणारा पंखा लावावा आणि नंतर केरसुणी न मारता ओल्या फडक्याने पुसून घ्यावे. दमा असलेल्यांनी हा छंद सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

फेविक्विकच्या जातीचा गोंद नळी चिकटवायला आणि चकाकीसाठीही वापरतात. त्याची वाफ नाका-डोळ्यांना झोंबते. शिवाय तो सुती कापडावर जास्त सांडला तर कापड एकदम तापते, भाजण्याइतके. म्हणून पुसायला कागद घ्यावा. जवसाच्या तेलाने पुसलेला बोळा चुरगळून कोपऱ्यात टाकू नये, तो आपोआप पेट घेऊ शकतो. आपल्या इथल्या जुलैतल्या शेडमध्ये तर त्याला निमित्तही लागणार नाही. बोळा उघडा पसरून बाहेर वाळवावा किंवा पाण्याच्या डब्यात टाकावा. लेथवर हातमोजे घालू नयेत, बाही सैल ठेवू नये. बांगड्या, लांब मंगळसूत्र, ओढणी काढून ठेवावी आणि केस बांधावेत. चेहऱ्यावर पारदर्शक ढाल असावीच, कारण चीर गेलेली कांडी फिरता फिरता फुटते.

हे सगळे देणाऱ्याने घेणाऱ्याला सांगायचे कसे? प्रत्येक कांडीसोबत एक चिठ्ठी द्यावी. तिच्यावर लाकडाचे मराठी नाव, ठाऊक असल्यास शास्त्रीय नाव, ते कोठल्या झाडाचे किंवा सामानाचे, कोणत्या वर्षी मिळाले, आणि 'घासताना मास्क वापरा' एवढे लिहावे. नाव माहीत नसेल तर 'माहीत नाही' असेच लिहावे. कोणतेही काळपट लाकूड 'रोजवुड' म्हणून खपवल्याने घेणाऱ्याला अॅलर्जी झाली तर डॉक्टरला सांगायला चुकीचे नाव हाती राहते, आणि सरहद्दीवर कागद दाखवायची वेळ आली तर भलतेच उत्तर द्यावे लागते. त्या चिठ्ठीवर पैशाचा आकडा मात्र घालू नये. तो संस्थेच्या पावतीवर असतो.

कांड्या देण्यापूर्वी दोन्ही टोके वितळलेल्या मेणात बुडवून घ्यावीत. समुद्राकाठच्या दमट हवेतून एसीच्या कोरड्या खोलीत गेलेले लाकूड टोकांकडून चिरत जाते, आणि आबनुसाच्या बाबतीत तर ते आठवडाभरातही घडू शकते.